अप्पांचं विसरणं वयामुळे की एचआयव्हीमुळे?

हळदीची_लेक (सांगली)
अप्पा ६३ चे, १७ वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर, गोळी कधी चुकवली नाही, व्हायरल लोड टीएनडी आहे, म्हणजे तपासणीत रक्तात व्हायरस सापडत नाही. सगळा जन्म मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी, क्विंटलचा हिशेब तोंडी करायचे. परवा दुधाच्या वहीची बेरीज तीनदा पहिल्यापासून केली आणि पेन ठेवून गप्प बसले. टीव्ही चालू असला की आमचं बोलणं त्यांना धरता येत नाही, बटणं लावायलाही वेळ लागतो. एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत "वय झालं" म्हणून पाठवून दिलं. मला काही ते पटेना.

मिरजेची_सिस्टर
ताई, वयाने नाव चटकन आठवत नाही, काम सावकाश होतं, पण शब्दसंपत्ती अन् जुनं ज्ञान बहुतेक टिकतं. एचआयव्ही मात्र लागण झाल्यावर काही आठवड्यांतच मेंदूत पोचतो, चेतापेशींत नाही तर तिथल्या मायक्रोग्लिया पेशींत राहतो अन् बारीकशी सूज धरून ठेवतो, मग रक्तात व्हायरस दिसत नसला तरी काहींना लक्ष, वेग आणि हाताची हालचाल यात फरक पडतो. १९९६ नंतर एकत्र औषधं आली तसा गंभीर डिमेन्शिया खूप कमी झाला, सौम्य त्रास अजून दिसतो. एक बघा, विसरलेली गोष्ट थोडा इशारा दिला की आठवते का? अल्झायमरमध्ये बहुधा इशाऱ्यानेही आठवत नाही. अर्थात यावरून घरी निदान करू नका. आधी बी१२, थायरॉईड, शुगर, बीपी, कान, झोप आणि डिप्रेशन बघून घ्या, यातलं बरंच दुरुस्त होतं. आणि नेहमीच्या साध्या स्मरण चाचणीत हा मंदपणा सुटू शकतो, म्हणून बोटं भराभर टेकवणं अन् चार शब्द लक्षात ठेवणं अशी जी एचआयव्हीसाठीची चाचणी असते ती करायला सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका हं.

कराडचा_दादा
मी पण पॉझिटिव्ह आहे, ५४. माझं बी१२ फार कमी निघालं, इंजेक्शनं घेतल्यावर निम्मं डोकं मोकळं झालं. अप्पांना "आज वार कोणता" असं पोरांसमोर विचारू नका, फार लागतं ते. हिशेब सकाळी करू द्या, टीव्ही बंद ठेवून.

हळदीची_लेक
धन्यवाद दोघांना. सोमवारी रक्त द्यायला जातोय. काल दुधाच्या वहीत अडकले तेव्हा मी फक्त "१२ तारखेचं अर्धा लिटर जादा" एवढं म्हणाले आणि पुढचं त्यांनी स्वतः जुळवलं. मग हळूच म्हणाले, मला वाटलं होतं हे फक्त मलाच कळतंय.