सशाचे दात ‘घासायचे’ की ‘कानसायचे’?

अनघा: प्राण्यांच्या दवाखान्यासाठी सशांवरचं पत्रक मराठीत करतेय. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिलिमीटर. वरचे-खालचे जुळले नाहीत तर झिजत नाहीत. मग डॉक्टर यंत्राने कमी करतात. मी लिहिलं, ‘दात घासून घ्यावेत’. वाचून एका काकूंनी विचारलं, ब्रश कुठला आणू? काय लिहू?

सुतारकी: ‘कानसणे’, म्हणजे कानशीने घासून झिजवणे. पुढच्या दातांचं नावच मुळी पटाशीचे दात. पटाशी हे सुताराचं हत्यार, तिला धार एका अंगाने असते. उंदराच्या दातालाही टणक कवच पुढूनच, मागचा भाग आधी झिजतो, म्हणून धार टिकते. हे नाव ठेवणाऱ्याने पटाशी हातात धरली असणार.

शब्दवेल्हाळ: ‘कृंतक दात’ लिहा. कृंत् म्हणजे कापणे. शास्त्रीय मजकुरात पटाशी-कानस शोभत नाही.

मीनल: कृंतक म्हणजे उंदीर-खारींचा गण ना? ससा त्यात नाही! वरच्या मोठ्या दातांमागे त्याला आणखी दोन इवलेसे दात असतात. त्याचा गण वेगळा. आणि शोभत नाही म्हणजे काय? शाळेच्या पुस्तकात पटाशीचेच दात शिकलो आपण.

शब्दवेल्हाळ: संदर्भाने अर्थ कळतो. बोलीतला शब्द गावागणिक बदलतो.

रेखा: आमच्या सशाचे पुढचे दात उत्तम होते, दाढेला काटा आला होता. गवताची काडी तोंडात धरायचा आणि टाकून द्यायचा. हनुवटी सतत ओली. भूल देऊन काटा काढला. त्याआधी रात्री दात खायचा, मला वाटायचं खुशीत आहे.

सुतारकी: खुशीत कोण दात खातं? दातओठ खाणं म्हणजे राग. पोर झोपेत दात खायला लागलं की आमची आजी जंताचं औषध द्यायची.

रेखा: ससा खातो. कपाळावरून हात फिरवला की हलकेच. ऐकू येण्याआधी बोटांना कळतं. दुखत असेल तर करकर मोठ्याने, आणि अंग चोरून बसतो. दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून मी फसले.

मीनल: दुखण्याचं ‘करकरवणे’ म्हणा. खुशीसाठी मांजराच्या घुरघुरण्यासारखं काहीतरी हवं.

अनघा: ‘दाढेला काटा’ घेते. पण घासण्याचं काय? उद्या छापायला जातंय.

रेखा: नेलकटरने घरी कापू नका, हेही लिहा. दात उभा चिरतो.

सुतारकी: उभा चिरतो ते ‘उलणे’. लाकूड उलतं, तसा दात उलतो.

शब्दवेल्हाळ: उलते ती जमीन किंवा भिंत. दात ‘विदीर्ण’ होतो.