दार्जिलिंग : ज्येष्ठ आणि मुले सोबत असताना

सत्तरीचे आई-वडील आणि लहान मुले बरोबर असताना दार्जिलिंगच्या तीन दिवसांत टायगर हिलचा सूर्योदय ठेवावा की वगळावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पहिल्या पहाटे तरी तो ठेवू नये. सुमारे २५९० मीटर उंचीच्या त्या टेकडीसाठी पहाटे चारच्या सुमारास निघावे लागते, आणि ८५८६ मीटरचे कांचनजंगा शिखर ढगांआडच राहिले (आमच्या वाट्याला तेच आले), तर कुडकुडल्याचे समाधान तेवढे पदरी पडते. त्याऐवजी जवळच्या घूम स्थानकापर्यंत छोट्या रेल्वेची फेरी घ्यावी. रुळांमध्ये जेमतेम दोन फुटांचे अंतर असलेला हा मार्ग १८८१ साली पूर्ण झाला, १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आणि बतासिया येथे गाडी स्वतःच्याच मार्गावरून वळसा घेत चढते तेव्हा नातवंडांइतकेच आजोबाही खिडकीला चिकटतात. लाल पांडा आणि हिमबिबट्या असलेले प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असते. त्याच परिसरात तेन्झिंग नोर्गे यांच्याशी निगडित गिर्यारोहण संस्था आहे. मात्र आत चढण बरीच असल्याने गुडघे दुखणाऱ्यांना तिथे सावकाश न्यावे.