मदत हवी आहे: उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाचं वाचन सुटत चाललंय, काय करू? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

मुलगा दुसरी संपवून आता तिसरीत जाणार, मराठी शाळेत आहे, आणि लेक साडेचार वर्षांची. मार्चपर्यंत त्याचं वाचन छान चालू होतं, साधे शब्द भराभर वाचायचा, जोडाक्षर आलं की अडखळायचा पण वाचून काढायचा. सुट्ट्या लागल्यापासून पुस्तक हातात दिलं की चित्रं पाहतो न् ठेवून देतो. परवा गल्लीतल्या 'स्वस्त धान्य दुकान' पाटीपाशी थांबला आणि 'सवसत' म्हणाला, हीच पाटी फेब्रुवारीत त्यानं मला नीट वाचून दाखवली होती. मला खरंच काळजी वाटून राहिली आहे.

आपल्याकडची सुट्टी तशीही लांब. पुण्याच्या भाच्यांच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्या विदर्भातल्या उन्हामुळे जूनच्या शेवटी. सकाळी दहानंतर पोरांना बाहेर सोडता येत नाही, नवतप्यात तर विचारूच नका. कूलर एकाच खोलीत आहे, टीव्हीही तिथेच, मग दिवसभर सगळे तिथेच. मी आणि हे दोघंही नोकरीवर, घरी सासूबाई असतात. दुपारी गोष्टी त्याच वाचून दाखवायच्या, पण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि चष्म्याचा नंबर अजून मिळायचा आहे, त्यामुळे ते बंद पडलं.

रोज एक पान शुद्धलेखन तो करतो, पण ते बघून उतरवणं झालं, वाचणं नाही ना. क्लास लावायचा नाहीये, सुट्टी ही सुट्टीच राहावी असं मला मनापासून वाटतं. फक्त वाचायची गोडी टिकली पाहिजे. कोणी लहान पोरांसोबत काही केलं असेल तर प्लीज सांगा.

उमरेड_रोड:
ताई, आमच्याकडे पेपरानं काम झालं. पेपरात विदर्भातल्या गावांचं कालचं तापमान येते ना, तो चौकोन. आमची पोरगी तेव्हा तिसरीत होती, तिला म्हटलं रोज सकाळी आबाजींना वाचून दाखव सगळ्यात जास्त कुठं तापलं ते. अकोला, अमरावती सोपे आहेत, ब्रह्मपुरीपाशी पहिले काही दिवस गाडी अडायची, पण ब्रह्मपुरी बहुतेक वेळा वरच्या नंबरात असते म्हणून ते वाचणं भागच पडायचं. मग तिनंच कॅलेंडरवर रोज नागपूरचा आकडा लिहायला घेतला, ४४.८ मोठं का ४५.१ मोठं यावरून पॉइंटवाले आकडेही समजले. बुलडाणा नेहमी कमी काहून असते बाबा असं विचारलं तेव्हा नकाशा काढून उंचावरचं गाव दाखवलं. तुमच्या सासूबाईंना सध्या वाचता येत नाही तर नातवालाच वाचून दाखवू द्या, त्यांना पेपर ऐकायला मिळेल आणि आजीला खरंच गरज आहे हे पोराला कळतं, उगाच परीक्षा घेतल्यासारखं वाटत नाही.

निवृत्त_बाई:
ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुतेक वर्षं पहिली-दुसरीच शिकवली. दर जूनमध्ये मुलं थोडी मागे आलेली दिसायचीच, या वयात वाचन नवीन असतं, सराव थांबला की जोडाक्षरं आधी जातात. घाबरू नका, येतं परत.

वरच्या दादांचं फार पटलं, त्यात एक भर घालते. मुलं सगळ्यात जास्त अडतात ती र च्या जोडाक्षरांत, कारण र चार तऱ्हांनी लिहितात. चारही तऱ्हा आपल्या गावांच्या आणि प्रदेशांच्या नावांत आहेत बघा. वर्धा मध्ये तो डोक्यावर रफार होऊन बसतो, चंद्रपूर मध्ये द च्या पोटात तिरपी रेघ, महाराष्ट्र मध्ये ट च्या खाली, आणि वऱ्हाड मध्ये आडवा अर्धा र. एका दिवशी एकच दाखवा आणि पेपरात तसे शब्द शोधून पेन्सिलनं गोल करायला सांगा. रफार डोक्यावर दिसला तरी उच्चार आधी करायचा असतो, हे तोंडानं हळू म्हणून दाखवा, वर्... धा.

आणि दोन प्रकारची पुस्तकं वेगळी ठेवा. त्यानं स्वतः वाचायचं ते दुसरीपेक्षाही सोपं असू द्या, पहिलीचं असलं तरी चालेल, बहिणीला वाचून दाखवायचं म्हटलं की लहान पुस्तक घ्यायला लाज वाटत नाही. तुम्ही वाचून दाखवायचं ते मात्र चांगलं अवघड, लांबलचक गोष्टीचं घ्या. रात्री झोपताना थोडा वेळ मिळाला तरी पुष्कळ. वाचता येऊ लागलं म्हणून वाचून दाखवणं थांबवू नका, नवे शब्द मुलं कानानेच आधी उचलतात.

खामला_आई:
पुस्तकांचा खर्च नको असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, चार लेव्हल केल्या आहेत, तुमच्या मुलाला पहिली-दुसरी लेव्हल द्या. मी डाउनलोड करून प्रिंट काढते, मोबाईल हातात दिला की गोष्ट राहते बाजूला. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक त्यांच्या साइटवर आहेत, ते तुम्ही वाचून दाखवायला घ्या.

इतवारी_पॅसेंजर:
पोराला गाड्यांचं वेड असेल तर ऊन उतरल्यावर मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे म्युझियम दाखवा, निघायच्या आधी वेळ विचारून घ्या. इंजिनाजवळची माहिती त्यालाच वाचू द्या. रमण विज्ञान केंद्रही चांगलं आहे, पण सुट्टीत गर्दी असते.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. पेपरचं कालपासून सुरू केलं. सासूबाई एवढ्या खूश झाल्या की तापमान झाल्यावर त्यांनी राशिभविष्यही वाचायला लावलं, आणि 'वृश्चिक' पाशी दोघंही थांबले. बाई, एकच विचारते, चुकीचं वाचलं की सासूबाई लगेच बरोबर शब्द सांगतात, ते चालेल का?

निवृत्त_बाई:
थोडं थांबायला सांगा त्यांना. वाक्य पूर्ण होऊ द्या, बरेचदा अर्थ लागला नाही की मूल स्वतःच मागे जाऊन दुरुस्त करतं. नाही केलं तर फक्त 'हे नीट लागलं का रे?' एवढं विचारायचं. तरीही अडला तर शब्द सांगून टाका, तिथं ताणू नका, पुढचं वाक्य वाचू द्या. वृश्चिक तर तिसरीच्या मुलालाही जड जातो, तो आजींनीच म्हणायचा.