शब्दचर्चा: 'पेज' म्हणजे नेमकं कोणाचं पेज?

प्रश्न

नाशिकला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट पोस्टग्रेस या डेटाबेसवर चाललाय आणि नोट्स मराठीतून काढतोय. डेटाबेसच्या धड्यात पेज ८ केबीचं, ओएसच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) धड्यात ४ केबीचं. दोन्हीकडे पेज मेमरीत येतं, बदललं आणि डिस्कवर लिहायचं राहिलं की डर्टी होतं, जागा लागली की बाहेर काढतात. मग ही एकच वस्तू आहे का? आणि दोघांनाही 'पान' लिहिलं तर चालेल का?

उत्तर

वेगळ्या वस्तू आहेत रे, आणि दोघांना नुसतं पान लिहिलंस तर परीक्षेच्या आदल्या रात्री तुझीच पंचाईत होईल. मी दिंडोरीकडच्या द्राक्ष पॅकहाउसचा डेटाबेस सांभाळते, सीझनमध्ये कोणी फोनवर 'पेज मेमरीत नाहीये म्हणून स्लो आहे' म्हणालं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, कोणाचं पेज?

ओएसचं पेज म्हणजे मेमरी मोजायचं माप. हा शब्द तिकडे जुना आहे, १९६२ च्या मँचेस्टरच्या ॲटलस कॉम्प्युटरमध्येसुद्धा ५१२ वर्डची पेजेस होती. आपल्या नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर ते ४०९६ बाइटचं असतं, आत काय आहे याच्याशी ओएसला देणंघेणं नाही, तुझ्या टेबलाच्या ओळी असोत नाहीतर ब्राउझरमधला फोटो. प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) दिसणारा पत्ता एक आणि खऱ्या रॅममधली जागा दुसरी, त्या जागेला फ्रेम म्हणतात. पेज आज या फ्रेममध्ये, उद्या त्या, मशीन बंद केलं की सगळं मॅपिंग गेलं.

डेटाबेसचं पेज मुळात डिस्कवरच्या फाइलमधला तुकडा आहे, त्याला स्वतःचा नंबर असतो आणि तो रीस्टार्टनंतरही तोच राहतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर दोन क्रेटच्या वजनांचं दोन ओळींचं नवं टेबल कर आणि सिलेक्टमध्ये सीटीआयडी नावाचा लपलेला कॉलम माग. (०,१) आणि (०,२) येईल, म्हणजे शून्य नंबरच्या पेजमधली पहिली आणि दुसरी जागा. आता पहिल्या क्रेटचं वजन अपडेट कर आणि परत बघ, ती ओळ (०,३) ला गेलेली दिसेल, कारण पोस्टग्रेस जुनी ओळ जागेवर खोडत नाही, नवी लिहितं. पेजच्या सुरुवातीला २४ बाइटचं हेडर, त्यामागे ४-४ बाइटचे पॉइंटर पुढे सरकत येतात, आणि ओळी शेवटाकडून उलट्या भरत येतात, मधे मोकळी जागा. इतकी रचना ओएसच्या पेजला कुठून असणार!

आता नातं काय ते बघ. पोस्टग्रेसचं ८ केबीचं पेज मेमरीत आलं की ते ओएसच्या दोन पेजेसवर बसतं, जसं जुन्या पोथीत पान एक, आकडा एक, पण लिहिलेलं पाठपोट. डेटाबेसला तो आकडा दिसतो, ओएसला दोन बाजू सुट्या दिसतात. म्हणून एक बाजू ओएसने स्वॅपमध्ये (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) टाकली तरी डेटाबेस म्हणत राहणार की पेज माझ्याकडे आहे, आणि हात लावला की पेज फॉल्ट, म्हणजे ओएसला ते रॅममध्ये परत आणावं लागतं. उलट डेटाबेसला बफरमध्ये (मेमरीतल्या त्याच्या स्वतःच्या साठ्यात) पेज सापडलं नाही तर त्याला पेज फॉल्ट म्हणू नकोस, तो बफर मिस, आणि तो झाला म्हणजे डिस्कवर जावंच लागलं असंही नाही, ओएसच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे फाइलींसाठी रॅममध्ये ठेवलेल्या साठ्यात, कॉपी पडलेली असू शकते.

पण दोनाचं हे गणित पाठ करू नकोस. मायएसक्यूएलच्या इनोडीबीचं पेज डिफॉल्ट १६ केबी, म्हणजे ओएसची चार. ॲपलच्या एम सिरीजच्या मॅकवर ओएसचंच पेज १६ केबी, तिथे पोस्टग्रेसची दोन पेजेस एकात मावतात. आणि लिनक्सवर २ एमबीची ह्यूज पेजेस लावली तर एकात २५६!

आकार जुळत नाहीत त्याची खरी किंमत लाइट गेल्यावर कळते. ८ केबी लिहिता लिहिता करंट गेला तर अर्धं पेज नवं आणि अर्धं जुनं डिस्कवर राहू शकतं, याला टॉर्न पेज म्हणतात. म्हणून चेकपॉइंटनंतर (म्हणजे डर्टी पेजेस डिस्कवर उतरवून झाल्यावर) पेज पहिल्यांदा बदललं की पोस्टग्रेस ते अख्खं पेज लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहून ठेवतं, इनोडीबी त्यासाठी डबलराइट बफर वापरतं, म्हणजे पेज आधी वेगळ्या जागी लिहून मग मूळ जागी लिहितं.

मध्येच एक शंका

ताई, एवढा दोनदोनदा कॅश करायचा खटाटोप कशाला, फाइल एममॅप करून, म्हणजे थेट मेमरीत जोडून, ओएसलाच सांभाळू द्यायचं ना? एलएमडीबी हे डेटाबेस-इंजिन तेच करतं.

उत्तर

करतं, आणि तिथे डेटाबेसचं पेज डिफॉल्टने ओएसच्या पेजएवढंच असतं, त्यामुळे हा घोळच कमी. पण एलएमडीबी वापरातलं पेज जागेवर बदलत नाही, बदल नव्या पेजवर करतं. पोस्टग्रेससारख्या ठिकाणी नियम असा की बदलाची नोंद आधी लॉगमध्ये जाणार, मग पेज डिस्कवर. ओएसला हा नियम माहीतच नाही, ते डर्टी पेज मनाला येईल तेव्हा लिहून टाकणार. डेटाबेस-संशोधक मायकेल स्टोनब्रेकरनी १९८१ मध्येच लेख लिहून सांगितलं होतं की ओएसच्या या सोयी डेटाबेसला पुरत नाहीत. मोंगोडीबी हे डेटाबेससुद्धा आधी एममॅपवर होतं, २०१५ च्या ३.२ पासून वायर्डटायगर हे स्वतःची कॅश सांभाळणारं इंजिन डिफॉल्ट झालं.

आणि 'डर्टी' हा शब्द तर पेजपेक्षा जपून वापरायला हवा. पोस्टग्रेसच्या बफरमधलं डर्टी पेज लिहिलं की ते डेटाबेसच्या दृष्टीने क्लीन, पण ते आता ओएसच्या कॅशमध्ये डर्टी असतं, एफसिंक (आत्ताच डिस्कवर उतरव असा ओएसला हुकूम) होईपर्यंत डिस्कवर पोचल्याची खात्री नाही. २०१८ मध्ये यातूनच मोठी खळबळ झाली. लिहिताना डिस्कने एरर दिली तर लिनक्स ते पेज क्लीन धरून मोकळं व्हायचं, पोस्टग्रेस परत एफसिंक करायचं, या वेळी उत्तर ओके यायचं, आणि डेटा तर गेलेला! फेब्रुवारी २०१९ च्या अपडेटपासून एफसिंक फसलं की पोस्टग्रेस स्वतःला क्रॅश करून लॉगमधून रिकव्हरी करतं, परत विचारत बसत नाही.

प्रश्नकर्ता

मग नोट्समध्ये काय लिहू? डर्टीला 'मळलेलं पान' लिहिलंय.

उत्तर

मळलेलं नको, ते खराब झाल्यासारखं वाटतं, आणि डर्टी पेजमध्ये तर सगळ्यात ताजा डेटा असतो. 'लिहायचं राहिलेलं' लिही. डेटाबेसच्या पेजला ब्लॉक म्हटलंस तरी चालेल, ऑरॅकलवाले तेच म्हणतात आणि पोस्टग्रेसच्या सेटिंगचं नावही ब्लॉक साइझ आहे. ओएसचं ते पेज, रॅममधली जागा ती फ्रेम. अनेकवचन पेजेस की पेजं, तुझ्या तोंडात जे बसेल ते.