उतारावर ब्रेक दगा देतात तेव्हा: आपापले अनुभव सांगा

वऱ्हाडवाट
रविवारी चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरत होतो. पुढं एक नवी गाडी, वळणाच्या तोंडाशी करकचून ब्रेक, लगेच परत रेस. खाली येईस्तोवर तिच्या पुढच्या चाकांतून धूर निघत होता. तो जळका वास नाकात गेला अन् मामाचा छोटा ट्रक, टाटा ४०७, आठवला.

धारणीकडून बांबू भरून यायचो, मी क्लीनर. एकदा घटांग सोडल्यावर उतारात मामा म्हणाला, "पेडल टणक लागते, पण गाडी धरत नाही." आवाज चढला नाही. तिसरा, मग दुसरा गिअर, इंजिन नुसतं ओरडत होतं. हँडब्रेकचं बटण दाबून धरत थोडा थोडा ओढला अन् डोंगराच्या बाजूनं गाडी थांबवली. मी उडी मारून चाकाखाली दगड लावला. मागून आलेला एक जण बादली घेऊन धावला, मामानं त्याचा हात धरला. चाकातल्या तापल्या ब्रेक ड्रमवर पाणी पडलं तर तडा जातो. नंतर ड्रम उघडले, ड्रमला आतून घासणारे लायनर चकचकीत झालेले, नख फिरवलं तर गुळगुळीत.

तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली?

पान्हा_१२
पेडल टणक हाय अन् ब्रेक नाही, म्हणजे लायनर तापले. पेडल मऊ होऊन खाली टेकलं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. दोन्ही येगळं राजेहो. वाफ दाबल्या जाते, तेल दाबल्या जात नाही, म्हणून पाय रिकामा जाते. अशा वेळी भराभर पंप मारा, थोडा दाब येऊ शकते. डॉट ३ जातीचं ब्रेक ऑइल नवं असलं की २०५ अंशाच्या आत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढते. पाणी शिरलं की १४० च्या आसपासच उकळू शकते. गिऱ्हाईक इंजिन ऑइल वेळेवर बदलते, ब्रेक ऑइलचं नावच काढत नाही. काहून बाप्पा?

संत्राबाग
आमच्याकडं डिझेल वाचवाले उतारात इंजिन बंद करून न्यूट्रल मारतेत. चीडच येते. इंजिन बंद म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचं व्हॅक्यूम गेलं. दोन-तीनदा दाबलं की पेडल दगड. वाचलेलं डिझेल कोणाच्या कामाचं?

सुमनताई
आमचे हे काळीपिवळी चालवतात. घाटाच्या वेळेला मी फोन करत नाही, त्यांनी खाली येऊन करायचा असं ठरलंय. तुमचे मामा फार धीराचे हो. भाकरी तव्यावर आहे, बाकीचं रात्री वाचते.

लालपरी
एसटीला एअर ब्रेक, तिथं ऑइल उकळायचा प्रश्नच नाही. पण ड्रम तापून फुगतो, लायनर बसवलेल्या शूपासून लांब जातो, तेव्हा पकड कमी होतेच. अन् सारखं सारखं दाबलं तर टाकीतली हवा उतरते. आमच्या उस्तादांचं एकच सांगणं: ज्या गिअरात चढली, त्याच गिअरात उतरव. ब्रेक दाबायचा तर घट्ट दाबून वेग पाडायचा अन् सोडायचा, तेवढ्यात चाकाला वारा लागतो. पाय ठेवून घासत राहायचं नाही.

मोर्शीकर
चिखलदऱ्याला गेलेच होते तर मोथ्याचा खवा आणला का?

वऱ्हाडवाट
@मोर्शीकर आणला, अर्धा किलो. घरी पोचेस्तोवर पोरांनी अर्धा संपवला 😀

पान्हा_१२
@मोर्शीकर खव्याचं सोडा, तुमच्याकडं शंकरपट कधी? २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतीला हो म्हटल्यापासून गावोगावी जोर हाय.

मोर्शीकर
तारीख ठरली की कळवतो भाऊ. या, जेवूनच जा.

नवीनगाडी
माझी ऑटोमॅटिक आहे. त्यात गिअर कसा पाडायचा? पुढच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन जायचंय, हे वाचून धास्ती बसली.

लालपरी
@नवीनगाडी धास्ती नको. लिव्हरवर एल (लो, खालचा गिअर) किंवा एम (मॅन्युअल, गिअर हातानं पाडायचा) असेल, उतार सुरू व्हायच्या आधीच तिथं घ्या. वास आला तर रुंद जागा पाहून थांबा, पी मध्ये टाका, चाकाला दगड लावा. अर्धा तास तरी जाऊ द्या, घाई करू नका. अन् निघायच्या आधी ब्रेक ऑइल बदलून घ्या, सीलबंद डबाच मागा.

नवीनगाडी
उद्याच गॅरेजला नेतो.