चतुर-टाचण्यांची ओळख: शेपटाचा चिमटा की बारकोड?

भिंगवाला: नर हातात असेल तर डीएनए कशाला? १० पट भिंगाखाली पोटाच्या टोकाचे चिमटे बघा, बहुतेक जाती तिथेच सुटतात. बारकोड म्हणजे मायटोकाँड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाघरातल्या) सीओआय जनुकाची ६५८ अक्षरं; ती वाचायला प्रयोगशाळा गाठायची म्हणजे हौस झाली.

काठावरची: नराचं ठीक, पण पाण्यातली लहान पिल्लं? शेवटच्या काही काती टाकेपर्यंत त्यांना ओळखतक्ते लागूच पडत नाहीत. बारकोडला एक पाय पुरतो. तो स्वच्छ चिमट्याने काढून ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला आणि उणे २० अंशांवर ठेवून द्या. फॉर्मलिनला मात्र हात लावू नका, डीएनएची वाट लागते.

जेलवाला: पायच घ्या, पोट नको, नाहीतर चतुराऐवजी त्याने गिळलेला डास वाचाल. आणि टाचणीच्या छातीखाली लालसर दाणे दिसतात ना, ती माइटची (कोळ्यांच्या नात्यातल्या बारीक जीवाची) पिल्लं. पायासोबत एखादं गेलं तर अक्षरांचा क्रम माइटचाही येऊ शकतो. म्हणून पाय भिंगाखाली फिरवून बघा. काढलेल्या डीएनए-प्रतींचा पट्टा जेलवर फिका आला तर आधी प्रायमर, म्हणजे प्रती काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, तपासा: १९९४ची फोल्मर प्रायमर-जोडी या गटात बऱ्याचदा दगा देते. चतुरांसाठी बदललेली जोडी घ्या; प्रती काढण्याची पहिली ५ चक्रं ४५ अंशांवर, पुढची ३५ चक्रं ५१ वर.

भिंगवाला: एवढं करून युरोपातल्या सिनाग्रिऑन प्युएला आणि पुल्केलम या टाचण्या सीओआयवर वेगळ्या पडतच नाहीत! चिमट्यांवरून नर मात्र ओळखता येतात. संकर असेल तर आणखीनच पंचाईत, सीओआय आईकडून येतो. बापाचा पत्ताच नाही.

काठावरची: मान्य. अशा वेळी पेशीच्या केंद्रकातला, आई-बाप दोघांकडून येणारा आयटीएस हा डीएनएचा तुकडा जोडीला वाचावा. सीओआयमध्ये २ टक्के फरक म्हणजे वेगळी जात, हा हिशोब मलाही पटत नाही.

जेलवाला: केंद्रकात सीओआयच्या खोट्या प्रतीही असतात. क्रम वाचल्याच्या आलेखात दुहेरी शिखरं किंवा मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी तीन अक्षरं) दिसला की संशय घ्या. पण आधी अपृष्ठवंशींचा मायटोकाँड्रियल कोड (तीन-तीन अक्षरांचा अर्थ लावायचा नियम), म्हणजे तक्ता ५, निवडलाय ना ते बघा. नेहमीच्या कोडने टीजीए हा तीन अक्षरांचा गट स्टॉप वाचला जातो आणि चांगला क्रम रद्दीत जातो.

भिंगवाला: आणि पाय काढलेला चतुर फेकू नका, त्याच क्रमांकाची चिठ्ठी लावून जपा. बारकोडच्या संदर्भसंग्रहात चुकीच्या नावाने चढलेला क्रम पकडायचा तर शेवटी तेच चिमटे बघावे लागतात.

काठावरची: मादीचा नमुना असेल तर?