स्नो मोड लावूनही गाडी घसरली, मग ते बटण आहे कशाला?

गोठलेली_नाशिककर
नमस्कार मंडळी, आम्ही मे महिन्यात नाशिकहून कॅनडात ओटावाला आलो आणि ऑगस्टमध्ये सेकंडहँड एसयूव्ही घेतली, ऑल व्हील ड्राइव्ह आहे म्हणजे इंजिनचा जोर चारही चाकांना, गिअरजवळ स्नोचं बटण आहे. विकणाऱ्याने सांगितलेलं बर्फ पडला की हे दाबायचं आणि निवांत चालवायचं. काल पहिला बर्फ पडला, फार नाही, चार बोटं असेल. बटण दाबलं, गाडी अशी अलगद निघाली की म्हटलं वा, उगाच घाबरवतात लोक. आणि मग घराजवळच्या उतारावर स्टॉप साइनला ब्रेक मारला तर पायाखाली घरघर घरघर काहीतरी झालं आणि गाडी आपली सरळ पुढे, थेट चौकाच्या मध्यावर जाऊन थांबली. स्पीड तीसच्या आत होता हो! कोणी येत नव्हतं म्हणून वाचले. नवरा म्हणतो बटण बिघडलंय, गॅरेजला दाखव. मी पंधरा वर्षं गाडी चालवतेय, भर पावसात कसारा घाट केलाय, त्यामुळे चालवता येत नाही असं कृपया म्हणू नका. टायर जुन्या मालकाचेच आहेत, ऑल सीझन. हा मोड नक्की करतो काय?

दादर_ते_डेट्रॉइट
ताई बटण ठणठणीत आहे, गॅरेजला पैसे घालू नका. मी गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरमध्येच काम करतो म्हणून जरा लांबण लावतो. स्नो मोडमध्ये ॲक्सिलरेटर मुद्दाम मंद केलेला असतो, म्हणजे पाय तेवढाच दाबला तरी इंजिन कमी जोर देतं. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्या फर्स्टऐवजी सेकंडला उचलतात आणि गिअर लवकर वर टाकतात. आपल्याकडे जीप चिखलात रुतली की गावातलं कोणीतरी ओरडतंच ना, अरे फर्स्टला रेस नको करू, सेकंड टाक आणि हळू क्लच सोड, तेच हे, फक्त कॉम्प्युटर करतो. ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचं चाक घसरायची वाट न बघता मागच्या चाकांनाही आधीपासून जोर दिला जातो. आता यातलं सगळं इंजिनचा जोर चाकापर्यंत कसा जातो याबद्दल आहे. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवलात की हा विषय संपला. ब्रेक काय साध्या टू व्हील ड्राइव्हलाही चारही चाकांना असतात, थांबताना तुमची गाडी आणि ती गाडी सारखीच. घरघर झाली ते एबीएस, चाक लॉक होऊ नये म्हणून ब्रेक सेकंदाला कितीतरी वेळा सोडतो-पकडतो, घाबरून पाय काढायचा नाही, पंपही करायचा नाही, घट्ट दाबून धरायचं आणि स्टिअरिंग वळवायचं, कारण एबीएसमुळे गाडी वळते तरी.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर या मोडचा एक तोटाच आहे. नॉर्मलला निघताना चाक भुर्रकन फिरलं असतं तर तुम्हाला तिथेच कळलं असतं की रस्ता काचेसारखा झालाय. स्नो मोडने ते लपवलं.

मॉन्ट्रियलचे_काका
वरच्यांनी बरोबर सांगितलं पण मुद्द्याचं राहिलं, टायर!! ऑल सीझन हे नाव ज्याने ठेवलं त्याला जानेवारीत इथे आणून उभा करायला पाहिजे. साधारण ७ डिग्रीच्या खाली गेलं की त्याचं रबर कडक होत जातं, बर्फ असो नसो. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावर बारीक बारीक चिरा असतात त्या बर्फ पकडतात. घेताना टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाची चांदणी असं चित्र बघा, नुसतं एम प्लस एस लिहिलेलं चालणार नाही, ते फक्त खाचांच्या डिझाइनवरून लिहितात. आणि चारही बदला. एकाने पैसे वाचवायला पुढचे दोनच घातले आणि वळणावर मागची बाजू पुढे आली, तो एक म्हणजे मीच, २००६ साली.

तुम्ही ओटावात म्हणजे नदी ओलांडली की आमचं क्युबेक. इथे रजिस्टर केलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने सक्तीचे आहेत. तुमच्या ऑन्टॅरियोत सक्ती नाही पण २०१६ पासून इन्शुरन्सवाल्यांना त्यासाठी सूट द्यावीच लागते, फोन करून मागून घ्या, आपणहून कोणी सांगत नाही.

पुणेरी_चालक
मी तर पुण्याहून मनालीला गाडी घेऊन गेलो होतो, माझ्या एसयूव्हीलाही स्नो, मड, सँड असे मोड आहेत पण आहे फ्रंट व्हील ड्राइव्ह. सोलंगच्या आधी पोलिसांनी अडवलं, मी त्यांना ऐटीत बटण दाखवलं, ते हसले फक्त. फोर बाय फोर नाहीतर चाकांना बर्फाची चेन, असं. चेन भाड्याने घेऊन पुढच्या चाकांना लावली तेव्हा कुठे अटल टनेलकडे सोडलं. आणि येताना उतारावर एक जण टॉप मॉडेल घेऊन माझ्यासमोर आडवा झालेला, चेन नव्हती, बटण होतं 😄

विनिपेगची_सून
बटणाची एवढी टिंगल नको, मला चढावर सिग्नल सुटला की त्याचाच आधार असतो, नवीन माणसाचा पाय जड असतो तिथे तर फारच उपयोग. पण दोन गोष्टी. एक, बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केलं की मोड परत नॉर्मलला जातो, दर वेळी दाबायचं. सुबारूचा एक्स-मोड, म्हणजे त्यांचं असंच बटण, तर स्पीड ४० च्या वर गेलं की आपोआप सुटतो. दोन, गाडी खोल बर्फात खरंच रुतली की उलटं करायचं, ट्रॅक्शन कंट्रोल थोडा वेळ बंद, कारण तो चाक फिरूच देत नाही आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबून दाबून रडकुंडीला येता. पुढे-मागे, पुढे-मागे झोके देत काढायची, बाहेर आली की लगेच परत चालू. आणि क्रूझ कंट्रोल, म्हणजे गाडी आपोआप एकच स्पीड धरते ते, बर्फात नाही म्हणजे नाही. ईव्हीवाल्यांनो, पाय उचलल्यावर गाडी आपोआप जो ब्रेक लावते तो कमी करून ठेवा, निसरड्यावर त्यानेही चाक घसरतं.

दादर_ते_डेट्रॉइट
हे रुतल्याचं एकदम करेक्ट. ताई अजून एक, पुलावर खालूनही थंड हवा लागते म्हणून तो रस्त्याच्या आधी गोठतो, रस्ता नुसता ओला दिसतो आणि असतो बर्फ. मुंबईत पहिल्या पावसात तेल आणि धूळ मिसळून रस्ता साबण होतो ना, तेव्हा जशी गाडी जपून नेता तशी इथे चार महिने न्यायची. रविवारी सकाळी मोकळ्या पार्किंगमध्ये जा, खांब नसतील असं बघा, वीसच्या स्पीडला मुद्दाम जोरात ब्रेक मारून बघा. किती पुढे जाते ते डोळ्याने दिसलं की पुढचं कोणी सांगावं लागत नाही.

गोठलेली_नाशिककर
सगळ्यांचे खूप आभार 🙏 काल पार्किंगमध्ये करून बघितलं, नवऱ्यालाही बसवलं. बटण बिघडलंय हे आता तो म्हणत नाही. टायरच्या दुकानात फोन केला तर तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली, म्हणे सगळं ओटावा पहिला बर्फ पडल्यावरच जागं होतं. तोपर्यंत बसनेच फिरायचं. काचेवर पाणी मारायचं बटण दाबलं तर काही येईना, ते पण या स्नो मोडमुळे का?

विनिपेगची_सून
नाही गं बाई, टाकीत साधं पाणी भरलंयस, गोठलंय. ते वितळवून काढ आणि उणे ४० वालं निळं वॉशर लिक्विड आण, कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळेल.